जावळी खालून पाहिली

शुक्रवार

कराडच्या माणसाला कोयना सांगावी लागत नाही. प्रीतिसंगमावर ती कृष्णेला समोरून येऊन भिडते. बाकीच्या नद्या एकमेकींना कडेकडेनं येऊन मिळतात, या दोघी समोरासमोर येतात आणि मग एकदम वळून पूर्वेला निघतात. लग्न होऊन मी या गावात आले त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. यशवंतरावांच्या समाधीजवळच्या घाटावर संध्याकाळी जाऊन बसायची सवयही तेवढीच जुनी. कोयनानगरचं धरण मुलांच्या सहलीच्या निमित्तानं पाहिलेलं होतं. धरणाच्या वरची कोयना मात्र कधी पाहिली नव्हती.

महाबळेश्वर तसं चार-पाच वेळा झालेलं. गेल्या वर्षी एका सहल कंपनीच्या गाडीतून गेलो होतो. प्रत्येक पॉइंटवर दहा मिनिटं, फोटो काढा, मक्याचं कणीस खा, गाडीत बसा. मला फार वाईट वाटलं होतं त्या दिवशी. बॉम्बे पॉइंटवर कठड्याशी उभी होते तेव्हा कुणीतरी खाली बोट करून म्हणालं, "ती सगळी जावळी." खाली नुसतं गर्द हिरवं होतं आणि त्या हिरव्यातून एके ठिकाणी धुराची बारीक रेघ वर येत होती. चुलीचा धूर. म्हणजे तिथे कुणीतरी भाकरी भाजत होतं. तेवढ्यात गाडीचा हॉर्न वाजला. वर्षभर ती रेघ माझ्या मनातून गेली नाही.

यंदा म्हणून ठरवलं की वरून बघायचं नाही, खाली उतरायचं. ओळखीतून त्याच खोऱ्यातल्या एका तरुणाचा पत्ता लागला. तो पाच-सात माणसांना घेऊन दिवसभर गावं दाखवतो. मोठा गट घेत नाही, जेवण गावातल्याच एखाद्या घरी सांगून ठेवतो. फोनवर त्यानं पहिला प्रश्न विचारला, "काकू, चालायची तयारी आहे ना? आणि घाई नाही ना?" हे दोन प्रश्न ऐकूनच मी हो म्हणून टाकलं.

निघालो तिघं: मी, थोरल्या जाऊबाई (आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो) आणि गाडी चालवायला पुतण्या. नोव्हेंबरचा शेवट, मार्गशीर्ष नुकताच लागलेला. साताऱ्याहून पाचवड-वाईचा रस्ता न घेता मेढ्यावरून गेलो. हा रस्ता मला जास्त आवडतो. वेण्णा नदी बराच वेळ सोबत असते आणि केळघरचा घाट चढताना गर्दी नसते. मेढा हे जावळी तालुक्याचं ठिकाण. गंमत अशी की ज्या जावळी गावावरून तालुक्याला नाव पडलं, ते गाव आज या तालुक्यात नाहीच, ते महाबळेश्वर तालुक्यात येतं.

संध्याकाळी क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात गेलो. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचं पाणी इथे एकत्र येऊन गोमुखातून पडतं, अशी श्रद्धा आहे. अक्कांनी ओंजळ धरली आणि कितीतरी वेळ तशाच उभ्या राहिल्या. मला म्हणाल्या, "अगं, इथून निघतात दोघी, आणि भेटतात कुठं? आपल्या दारात." कृष्णा वाईवरून फिरून येते, कोयना डोंगराच्या पलीकडून दक्षिणेला जाते, हेळवाकला वळते आणि पाटणवरून पूर्वेला येते. शंभराहून जास्त किलोमीटर दोघी वेगवेगळ्या चालतात. नकाशात हे कितीदा पाहिलं असेल, पण हातात पाणी धरून ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला.

शनिवार

सकाळी साडेसहाला वाटाड्या हजर. पंचविशीतला मुलगा, अंगात स्वेटर, पायात साधे बूट, हातात कोयती. आमच्याबरोबर सांगलीचं एक निवृत्त जोडपं आणि त्यांची लेक होती. सगळे मिळून सहा जण आणि सातवा तो. एका जीपमध्ये बसून आंबेनळी घाट उतरायला लागलो. दरीत धुकं असं भरलेलं होतं की डोंगरांचे माथे बेटांसारखे वर राहिलेले. समोर मकरंदगडाची दोन शिखरं आणि मधली खोगिरासारखी खाच. इंग्रज या डोंगराला सॅडलबॅक म्हणायचे ते कशामुळे, हे तिथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

एका वळणावर त्यानं जीप थांबवली आणि आम्हाला खाली उतरवलं. "आता अर्धा तास जुन्या वाटेनं जाऊ. ही रडतोंडीची बाजू." रडतोंडी घाट! १६५९ साली अफझलखान वाईहून निघाला तो याच घाटानं जावळीत उतरला. चढणाऱ्याचं तोंड रडवेलं होतं म्हणून रडतोंडी, असं तो म्हणाला. आम्ही तर उतरत होतो, तरीही पंधरा मिनिटांत गुडघे बोलायला लागले. वाट म्हणजे दगडांचा सुटा पसारा, वर वाळलेल्या पानांचा थर, दोन्ही अंगांना कारवी आणि डोक्यावर जांभूळ, अंजनी, हिरडा यांचं छत. सूर्य उगवून तास झाला होता, पण आत अजून पहाटच होती. एका झाडावर शेकरू दिसलं. तांबूस पाठ, लांब झुपकेदार शेपूट. ते फांदीवर उलटं लटकून काहीतरी खात होतं आणि आमच्याकडे ढुंकूनही पाहत नव्हतं.

त्या वाटेवर वाटाड्यानं सांगितलेली गोष्ट मला इतिहासाच्या पुस्तकात कधी नीट कळली नव्हती. खानासोबत हत्ती होते, उंट होते, घोडदळ होतं, तंबू-राहुट्यांचं ओझं होतं. एवढं सगळं या वाटेनं उतरलं तरी कसं? तर महाराजांनीच खानाच्या येण्यासाठी झाडी तोडून वाट मोकळी करून दिली होती. पाहुण्याची सोय केली, आणि पाहुणा खुशीनं आत आला. "पण काकू," तो म्हणाला, "वाट एकाच जागी मोकळी केली. आजूबाजूचं रान तसंच ठेवलं." त्यानं कोयतीनं बाजूच्या कारवीत दोन पावलं टाकून दाखवली. तिसऱ्या पावलाला तो दिसेनासा झाला. आवाज येत होता, माणूस दिसत नव्हता.

खाली जीप वळसा घालून येऊन थांबली होती. तिथून आधी जावळी गावाला गेलो. या नावाचा दरारा लहानपणापासून मनात बसलेला, गाव मात्र लहान, शांत. डोंगराच्या कुशीत घरं, पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरं, कडेला देऊळ. चंद्रराव मोऱ्यांची ही राजधानी. चंद्रराव हा आदिलशाहीनं दिलेला किताब, जो गादीवर बसेल तो चंद्रराव. या निबिड रानाच्या भरवशावर मोऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या इथे राज्य केलं. "येता जावळी, जाता गोवली" हे त्यांचं आव्हान अजून लोकांच्या तोंडी आहे. याल तर या, पण परत जाताना अडकून पडाल. जानेवारी १६५६ मध्ये महाराजांनी जावळी घेतली आणि त्याच वर्षी पुढे रायरीही घेतली, जी नंतर रायगड झाली. स्वराज्याला कोकणात उतरायचा दरवाजा मिळाला तो इथे.

गावात आम्हाला भेटले एक आजोबा, ओट्यावर बसून विळ्याला धार लावत होते. आम्ही कुठून आलो ते विचारलं. कराड म्हटल्यावर म्हणाले, "म्हंजी आमचं पानी पिता तुमी." अक्का लगेच म्हणाल्या, "पितो की! म्हणूनच आलोय बघायला." आजोबांना ते इतकं आवडलं की त्यांनी धार लावायची थांबवून आमच्याशी अर्धा तास गप्पा मारल्या. गव्यांचा त्रास फार वाढलाय, रात्री नाचणीत शिरतात, एका रात्रीत वर्षाचं पीक जातं. डुकरं वेगळीच. माळ्यावर राखण करायला तरुण माणूस लागतो, आणि तरुण माणूस गावात नाही. हे सांगताना त्यांचा आवाज तक्रारीचा नव्हता. पाऊस कसा झाला ते सांगावं तसं ते सांगत होते.

दहाच्या सुमाराला पारला पोचलो. दिवसातला सगळ्यात मोठा वेळ आम्ही इथेच घालवला आणि माझं मन तर अजूनही तिथेच आहे.

पार हे नाव प्रतापगडाच्या लढाईत येतं. खानाचा तळ इथेच, कोयनेच्या काठी पडला होता. पण त्याआधी आणि त्यानंतरही पारची मोठी ओळख होती ती घाटाची. महाडचं बंदर, तिथून पोलादपूर, पार घाट चढून हे गाव आणि पुढे महाबळेश्वरचा डोंगर ओलांडून वाई, असा देश आणि कोकण जोडणारा हा रस्ता. मीठ, सुकी मासळी, नारळ वर यायचे, धान्य, गूळ खाली जायचे. बैलांच्या पाठीवर गोण्या लादलेले तांडे इथे मुक्काम करायचे. पुढे इंग्रज साहेबही मुंबईहून महाडपर्यंत पाण्यानं यायचे आणि पालखीत बसून याच घाटानं महाबळेश्वरची थंड हवा खायला वर जायचे. आंबेनळीचा गाडीरस्ता झाला आणि पारवरून जाणारी वर्दळ आटली. गाव रस्त्यावरून बाजूला पडलं.

वाटाड्यानं आम्हाला एका कापणी झालेल्या भातखाचरात उभं केलं. पायाखाली भाताचे सड, बांधावर पेंढ्यांची उडवी. "आता सगळीकडं एकदा फिरून बघा," म्हणाला. आम्ही गोल फिरलो. चारी बाजूंना डोंगर. पाठीमागे महाबळेश्वरची भिंत, जिच्यावरून आपण रडतोंडीनं उतरून आलो. समोर प्रतापगड. डोंगराच्या अंगावर जरा शोधल्यावर तटबंदीची रेघ सापडते. मधून कोयना. मग त्यानं विचारलं, "सांगा काका, घोडा कुठं पळवणार?"

सांगलीचे काका आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवलेले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. खाचराला बांध, बांधाखाली दुसरं खाचर, मग ओढा, मग रान. सपाट जागा सलग शंभर पावलंही नाही. घोडदळ हीच ज्याची ताकद, त्याला इथे आणून बसवलं होतं. वर चढायची वाट एक, तिच्यात नेताजी पालकरांची माणसं. खाली कोकणात जायची वाट एक, ती गडाच्या पायथ्यातून. मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, १० नोव्हेंबर १६५९. गडाखाली भेट झाली, वरून तोफेची इशारत झाली आणि या रानातून मावळे उठले. काकांनी शेवटी एवढंच म्हटलं, "तीस वर्षं फळ्यावर नकाशा काढला मी. एकदा इथे यायला हवं होतं." त्यांचे डोळे भरून आले होते. लेकीनं त्यांचा हात धरला.

तो दिवसही असाच असणार, हे मला तिथे उभ्या उभ्या लक्षात आलं. तिथी आसपासची, म्हणजे हंगामही हाच. गवत छातीएवढं, भात कापून झालेलं, ओढ्यांना पाणी, सकाळी धुकं. खानाच्या लोकांच्या नाकातही हाच पेंढ्याचा वास गेला असेल.

प्रतापगड आम्ही मुद्दाम चढलो नाही. गड पूर्वी दोनदा पाहिला होता. मोरोपंत पिंगळ्यांच्या देखरेखीखाली महाराजांनी तो बांधून घेतला तो पार घाटावर नजर ठेवायला, हे गडावर कुणीतरी सांगितलंही होतं. पण गडाची जागा गडावरून कळत नाही, पारमधून कळते.

रामवरदायिनीच्या देवळात गेलो. रामाची परीक्षा घ्यायला पार्वती सीतेचं रूप घेऊन आली, रामानं तिला ओळखलं आणि तिनं प्रसन्न होऊन वर दिला, म्हणून ही रामवरदायिनी. लाकडी खांबांची गार सावली. बाहेर उन्हं चढली होती, आत पाऊल टाकलं की अंगावर शाल घेतल्यासारखं वाटायचं. अक्कांनी ओटी भरली.

आणि मग पूल. मी ज्याच्यासाठी आले होते ती कोयना आणि तिच्यावरचा शिवकाळात बांधलेला पूल. नदी इथे लहान आहे. कराडला जिचं पात्र बघून पावसाळ्यात धडकी भरते, ती इथे दगडांमधून खळखळत जाते. घोटा बुडेल एवढंच पाणी काही ठिकाणी. पाणी इतकं नितळ की तळाचे दगड मोजावेत. मी खाली उतरले, पाण्यात पाय सोडून एका खडकावर बसले आणि पुलाकडे खालून पाहिलं. काळ्या दगडांच्या कमानी, चुन्यात बांधलेल्या. ज्या बाजूनं पाणी येतं त्या बाजूला खांबांना त्रिकोणी टोक काढलेलं, नावेच्या नाळेसारखं. पाणी आपटायच्या ऐवजी दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जातं. मी एका खांबाला हात लावला. दगड असे बसवलेत की दोन दगडांच्या सांध्यात माझं नख शिरेना. एका ठिकाणी चुना थोडा झडला होता, तिथे हाताला तो अजून लोखंडासारखा टणक लागला. सांध्यातून इवलंसं नेचं उगवलं होतं.

जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला २४ तासांत सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला. आंबेनळी घाटात दरडी कोसळल्या, रस्ता जागोजागी खचला, कितीतरी गावं तुटली. तो सगळा लोंढा या डोंगरावरून याच नदीत उतरला. "आणि पूल?" मी विचारलं. वाटाड्यानं नुसता हात केला. पूल समोर उभा होता. त्याच्यावरून तेवढ्यात एक मोटारसायकल गेली, मागे गवताचा भारा बांधलेली.

हा पूल कुणा राजाच्या नावाची कमान म्हणून बांधलेला नाही, पावसाळ्यातही माणसं आणि बैल पलीकडे जावेत म्हणून बांधलाय. साडेतीनशे वर्षं तो ते काम करतोय. गड बघायला लाखो लोक येतात, पुलावर त्या दिवशी आमच्याशिवाय कुणी पाहुणा नव्हता. मला हे बरोबर वाटत नाही. प्रतापगडाला जाणाऱ्या प्रत्येकानं वाट थोडी वाकडी करून इथे यावं, पाण्यात उतरावं आणि त्या खांबाला एकदा हात लावावा असं मला फार वाटतं.

जेवण एका आजींच्या घरी सांगितलेलं होतं. घर जुनं, जाड भिंतींचं, पडवीत नाचणीची कणसं पसरलेली. आम्ही पोचलो तेव्हा आजी सुपात नाचणी पाखडत होत्या. "या की बाई, बसा. लांबनं आलासा." चुलीपुढे त्यांची सून. मी पाटावर बसून तिचं बघत राहिले. आधणात पीठ घालून उकड काढली, काठवटीत घेऊन हाताच्या टाचेनं मळली, गोळा पाण्याच्या हातानं थापला आणि तव्यावर टाकला तो असा की कडेला एकही चीर नाही. नाचणीला चिकटपणा नसतो, आमच्या घरी तिची भाकरी हमखास फाटते. मी विचारलं, तर हसून म्हणाली, "पानी कडकडीत पायजे आन् मळताना जीव लावाय लागतो." वर कुळथाचं पिठलं, पाट्यावर वाटलेला हिरव्या मिरचीचा खर्डा, वरईचा भात आणि ताक. सांगलीच्या काकूंनी तिसरी भाकरी मागितली तेव्हा आजींचा चेहरा असा फुलला की काय सांगू.

त्या घराच्या शेजारची तीन घरं कुलूपबंद होती. आजींचे दोन लेक मुंबईला, एक मस्जिद बंदरला, एक वाशीच्या मार्केटला. माथाडी. या खोऱ्यातल्या आणि खालच्या पाटण खोऱ्यातल्या घराघरातून माणसं मुंबईच्या गोदीत आणि बाजारात ओझी वाहायला गेली. १९६९ च्या माथाडी कायद्यामुळे त्यांच्या कष्टाला थोडं संरक्षण आलं. मला एकदम त्या बैलांच्या तांड्यांची आठवण झाली. घाटातून माल वाहून नेणारं गाव, आणि आता त्याच गावाची पोरं शहराच्या बाजारात पाठीवर गोणी घेतात. आजींना मी म्हटलं, एकट्यांना करमतं का? "यात्रंला येत्यात की समदी. तवा बघा या घराला. पाय ठिवाय जागा नसती." मग थोडं थांबून म्हणाल्या, "सून हाय माझ्याजवळ. ती न्हाई म्हनली म्हमईला." सून चुलीपुढून वर न बघता भाकरी उलटत होती.

दुपारनंतर हातलोटच्या बाजूला गेलो. तिथून वर घोणसपूर आणि मल्लिकार्जुनाचं देऊळ, आणखी वर मकरंदगड. अक्कांचे गुडघे सकाळीच थकले होते, म्हणून आम्ही खालूनच नमस्कार केला. पुतण्या आणि सांगलीची मुलगी थोडं वर जाऊन आले. उन्हं कलली, दरीत सावली लवकर उतरते. परत घाट चढताना मी मागच्या काचेतून खाली बघत होते. झाडीतून धुराच्या तीन-चार रेघा वर येत होत्या. त्यातली एक तरी त्या सुनेच्या चुलीची असेल.

रविवार

सकाळी परतायच्या आधी वाटाड्यानं सुचवलं म्हणून मांघरला गेलो. महाबळेश्वरजवळच डोंगराच्या उतारावरचं गाव. मे २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून ते जाहीर झालं. गावातली बहुतेक घरं मधमाशा पाळतात, आणि हे काही त्या वर्षी सुरू झालेलं नाही, मधाचं काम इथे फार जुनं आहे.

एका घरामागे ओळीनं मधपेट्या होत्या. त्या घरातल्या दादांनी एक पेटी आमच्यासमोर उघडली. तोंडावर जाळी नाही, हातात मोजे नाहीत. "सातेरी गरीब असते," म्हणाले, "आपण गडबड केली नाही तर ती काही करत नाही." अगदी सावकाश त्यांनी एक चौकट वर उचलली. त्यावर माशांची चादर, आणि ती चादर हलत होती, श्वास घेतल्यासारखी. त्यांनी बोटानं दाखवलं: ही कामकरी, हे परागकण भरलेले घर, ही अंडी, आणि ही बघा, जरा लांब अंगाची, ती राणी. मी श्वास रोखून बघत होते. एक माशी माझ्या मनगटावर येऊन बसली. तिच्या मागच्या पायांना दोन्हीकडे पिवळ्या गोळ्या लागलेल्या, मोहरीएवढ्या. थोडा वेळ बसली आणि उडून पेटीत गेली.

मध कोणत्या फुलाचा त्यावर चव ठरते, हे त्यांनी चमच्यानं चाखवून दाखवलं. जांभळाचा मध गडद, शेवटी किंचित कडवट. हिरड्याचा वेगळा, तुरट अंगाचा. कारवीचा दरवर्षी मिळत नाही, कारण कारवीच सात-आठ वर्षांनी फुलते. त्या वर्षी पेट्या कारवीच्या रानाजवळ नेतात. काल रडतोंडीच्या वाटेवर वाटाड्या ज्या कारवीत दिसेनासा झाला होता, तिचाच मध. अक्का म्हणाल्या, "कारवी फुलेल त्या वर्षी मला फोन करा हं." दादांनी खरोखरच खिशातून वही काढून त्यांचा नंबर लिहून घेतला.

परतीचा रस्ता पुन्हा मेढ्याचाच. कराडला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. घरी सामान उतरवताना अक्कांची पश्मिना शाल सापडेना. गाडीत नाही, पिशवीत नाही. रात्री वाटाड्याचा फोन आला: शाल आजींच्या पडवीत खुंटीवर राहिली आहे, कुणी मुंबईला किंवा साताऱ्याला निघालं की त्यांच्याबरोबर पाठवतो. मी अक्कांकडे पाहिलं. त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला.

"पाठवू नकोस बाळा," त्या म्हणाल्या. "आजींना सांग, थंडी आहे, तुम्हीच पांघरा. यात्रेला आम्ही येतो."